हललेला फोटो

१

एक्स-रे काढणाऱ्याला आयुष्यभर दोनच शब्द पुरतात. धरा आणि सोडा. ‘श्वास धरा’ म्हणायचं, जाड काचेच्या आड जायचं, बटण दाबायचं आणि ‘सोडा’ म्हणायचं. मधल्या वेळात काचेपलीकडचा माणूस प्लेटला हनुवटी टेकवून, ओठ घट्ट मिटून, डोळे मोठे करून उभा असतो. कितीही मोठी असामी असो, त्या वेळी सगळ्यांचे चेहरे एकसारखे दिसतात.

इस्पितळात या दोन शब्दांवरूनच त्यांचं बारसं झालं होतं. सगळे त्यांना धरासोडे म्हणायचे. नाव इतकं रुळलं, की एक नवे डॉक्टर ते खरंच आडनाव समजून चालले होते आणि निरोपाच्या भाषणातही त्यांनी ‘आपले धरासोडे’ असाच गौरव केला. धरासोड्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. नाव ठेवायचंच तर खोटं तरी कुठे होतं?

नोकरीच्या सुरुवातीची एक फजिती ते स्वतःच रंगवून सांगायचे. एकदा ‘धरा’ म्हटलं, बटण दाबलं आणि तेवढ्यात फोन वाजला म्हणून ते बाहेर गेले. बोलणं लांबलं. परत येऊन बघतात तर एक जाडजूड बेकरीवाले गृहस्थ लालबुंद होऊन अजून प्लेटला चिकटलेले. अहो, सोडायचा ना श्वास, असं म्हटल्यावर ते धापा टाकत म्हणाले, “तुम्ही सोडा कुठे म्हणालात?” ऐकणारे हसायचे. धरासोडेही हसायचे, पण त्या दिवसापासून त्यांनी कानाला खडा लावला होता. धरा म्हणायला एक वेळ विसरलं तरी चालेल, सोडा म्हणायला विसरायचं नाही.

माणसांचे आतले फोटो काढून पोट भरायचं आणि सुट्टीला किड्यांचे बाहेरचे फोटो काढून मन भरायचं, अशी त्यांची वाटणी होती. इस्पितळाच्या मागच्या फाटकातून निघालं की गव्हाची शेतं लागायची, मग ओढा, मग रान. बायको बरोबर असायची. किड्याच्या फोटोला दोन वैरी, ऊन आणि वारा. ऊन थेट पडलं की चकचकीत पाठीवर पांढरा डाग येतो आणि वारा आला की काडी हलते, फोटो हलतो. म्हणून ती मागे उभी राहून एका हातानं पांढरी छत्री वर धरायची आणि वाकून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी काडी बुडाशी धरायची. धरासोडे गुडघ्यावर, डोळा कॅमेऱ्याला. वारा पडला की ती हळूच म्हणायची, “थांबलं.” ते श्वास रोखून बटण दाबायचे आणि म्हणायचे, “सोड.” मग छत्री खाली यायची, काडी मोकळी व्हायची आणि दोघं पुढे चालायला लागायची.

कधी फार वेळ लागला तर मागून आवाज यायचा, अहो, हात भरून आला, आटपा. पण ते सोड म्हणेपर्यंत तिनं हात कधी खाली घेतला नाही. या सगळ्यात त्यांची तिच्याकडे पाठच असायची, कारण वळलं की किडा उडतो. रानातली त्यांची बायको म्हणजे एक सावली आणि एक शब्द.

२

मागच्या हिवाळ्यात ती गेली. त्यांच्याच इस्पितळात, एक्स-रेच्या खोलीच्या बरोबर वरच्या मजल्यावर. दुपार होती. खिडकीची फट उघडी होती आणि पडद्याची कड हलत होती. धरासोडे उशाशी बसून त्या कडेकडेच बघत होते, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं. मग पडदा हलायचा थांबला. डोळे मिटलेलेच ठेवून ती अगदी स्पष्ट म्हणाली, “थांबलं.”

सवयीनं त्यांनी श्वास रोखला. तेवढ्यात यंत्र वाजायला लागलं, नर्स धावत आली, कुणीतरी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. मग सह्या, मग नातेवाईक, मग मुलगी आणि जावई दुसऱ्या शहरातून आले. व्हायचं ते होऊन गेलं आणि म्हणायचं ते राहून गेलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी मुलगी आईचा फोटो शोधायला बसली. भिंतीवर लावायला एक हवा होता. कपाटं उघडली, खोके उपसले. नाकतोडे निघाले, चतुर निघाले, पानाखाली अंडी घालणाऱ्या माश्या निघाल्या. मुलगी एकेक पाकीट बघून बाजूला ठेवत होती आणि तिची बोटं हळूहळू जड होत होती.

“शेणातल्या किड्याचासुद्धा आहे, बाबा,” ती शेवटी म्हणाली. “आईचा नाही.”

ती ओरडली नाही, रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा आपणच, हे धरासोड्यांना त्या क्षणी लख्ख कळलं.

अगदी तळाशी एक निघाला. त्यांच्या निरोप समारंभात इस्पितळातल्या कुणीतरी काढलेला. कुणीतरी हाक मारल्यावर ती हसत वळली असावी, आणि तेवढ्यात बटण दाबलं गेलं असावं. केस, गाल, हसू सगळं एका बाजूला ओढल्यासारखं पुसट झालेलं. “हा हललाय,” धरासोडे म्हणाले. हललेली प्लेट टाकून द्यायची आणि पुन्हा काढायची, हा त्यांच्या कामातला पहिला धडा. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना समजलं की आता पुन्हा काढता येणार नाही. त्यांनी तो फोटो टेबलाच्या खणात पालथा घातला.

त्यानंतर त्यांना आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती. तिचा एक फोटो. न हललेला.

३

मुलगी रोज संध्याकाळी फोन करायची. इकडे या, खोली तयार आहे, एकटे काय करता तिथे? धरासोडे म्हणायचे, येतो, एवढा हंगाम होऊ दे. कुठला हंगाम, हे तिनं विचारलं नाही आणि त्यांनाही सांगता आलं नसतं.

ऊन ऊबदार व्हायला लागलं तसे ते पुन्हा बाहेर पडले. छत्री स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला होती, ती तिथेच राहू दिली. एका माणसाला कॅमेरा आणि छत्री दोन्ही सांभाळत नाही, आणि शिवाय ती तिची छत्री होती.

बांधावर एका उंच काडीवर ढालकिडा बसला होता. हिरवा, पाठीवर ढालीसारखी तिकोनी खूण. वारा चांगलाच होता. धरासोडे गुडघ्यावर बसले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि वाट बघायला लागले. काडी डोलत होती. किडा चौकटीत यायचा आणि निसटायचा. जाऊ दे म्हणून ते उठणार, तोच काडी थांबली.

त्यांनी बटण दाबलं. ‘सोड’ ओठांवर आलं होतं, पण ऐकायला मागे कुणी नाही हे आठवलं आणि ते तिथेच राहिलं. मग त्यांनी डोळा कॅमेऱ्यावरून काढला आणि बघितलं. वारा पडला नव्हता. डावीकडचं गवत वाकत होतं, उजवीकडचं वाकत होतं, मागे सगळा गहू हेलकावत होता. मधली ती एक काडी तेवढी सरळ उभी होती.

बुडाशी दगड असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. किंवा काडीच जून असेल. आयुष्य इस्पितळात गेलेल्या माणसानं भलत्या गोष्टींवर भलता विचार करू नये. त्यांनी बुडाशी बघितलं, दगड नव्हता. तेव्हा काडी जूनच असणार, असं ठरवून ते पुढे गेले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो छान आला होता. पाठीवर पांढरा डाग नव्हता. प्रकाश मऊ होता, वरून कुणी सावली धरल्यासारखा. आकाशात मात्र औषधालाही ढग नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी त्यांना रानाच्या तोंडाशी सोनकिडा मिळाला. हा किडा म्हणजे चालता आरसा. हिरवी-तांबूस पाठ अशी झळझळते, की फोटो काढणारा स्वतःच तिच्यात उमटतो. या वेळीही पान थांबलं. या वेळीही आजूबाजूचं थांबलं नाही.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवून ते फोटो बघत बसले. घरात फ्रिजची घरघर आणि नळाचं ठिबकणं एवढेच आवाज होते. सोनकिड्याच्या पाठीचा भाग त्यांनी मोठा केला. आणखी मोठा. आकाशाचा निळा तुकडा, त्याखाली वाकडीतिकडी काळी आकृती, म्हणजे ते स्वतः. आणि त्यांच्या डोक्याच्या वर एक पांढरा गोल.

सूर्य असेल. पण सूर्याचा असा एवढा मोठा गोल येत नाही. ढग असेल, पण ढग कुठला? शिवाय गोलाच्या मध्यातून कडेपर्यंत बारीक रेघा गेल्या होत्या, आणि ढगाला काड्या नसतात. धरासोड्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, आणि मग ते उठून स्वयंपाकघरात गेले.

छत्री दारामागे खुंटीलाच होती. मुठीवर धूळ होती. ती बघून त्यांना हायसं वाटलं आणि तेवढंच वाईटही वाटलं. परत फिरताना त्यांचा हात कापडाला लागला आणि बोटाला काहीतरी टोचलं. कुसळं. छत्रीच्या कडेला गवताची कुसळं ओळीनं अडकली होती. मागच्या वर्षीची असतील, असं म्हणून त्यांनी एक उपटलं. ते हिरवं होतं. चिमटीत दाबल्यावर ओल आली.

फोन वाजला तेव्हा ते अजून दाराशीच उभे होते. त्या संध्याकाळी ते मुलीशी नेहमीपेक्षा जास्त बोलले. जावयाची चौकशी केली, हसले. तुम्ही आज बरे वाटताय, बाबा, असं ती म्हणाली. ते बरे होते आणि घाबरलेलेही होते, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. बायको गेल्यापासून घरात पहिल्यांदाच कुणीतरी असल्यासारखं वाटत होतं.

५

मग त्यांना चटकच लागली. फुलपाखरं नकोत, नाकतोडे नकोत, फक्त चकचकीत पाठीचे किडे. रोज सकाळी निघायचं, रोज संध्याकाळी टेबलावर बसून मोठं करून बघायचं. आधी नुसती छत्री होती. मग छत्रीखाली हात दिसला. मग कोपर. दर वेळी ती थोडी जवळ असायची. आणि दर वेळी हात थोडा खाली आलेला असायचा, भरून आल्यासारखा. चेहरा मात्र दिसत नव्हता. किड्याच्या पाठीवर मावतं तरी किती? मोठं करत गेलं की चेहऱ्याच्या जागी चौकोनच चौकोन उरायचे.

एकदा कुंपणाच्या तारेवर गांधीलमाशी दिसली. किडे पोटानं श्वास घेतात. नीट बघितलं तर पोट लहान-मोठं होताना दिसतं. जन्मभर माणसांच्या छात्या बघितलेल्या धरासोड्यांची नजर तिथे आपोआप जायची. पोट हलत होतं. मग तारेवरचं वाळकं पान थांबलं, आणि पोटही थांबलं. त्यांनी फोटो काढला. पुष्कळ वेळ तिच्याकडे बघत राहिले. पोट पुन्हा हललं नाही.

परतताना त्यांनी बांधावर बघितलं. पहिल्या दिवशीचा ढालकिडा त्याच काडीवर, तसाच बसलेला. पुढे सोनकिडा त्याच पानावर, एक पाय उचललेला. उन्हं सगळीकडे पडली होती. त्या पानावर मात्र पडली नव्हती. तळहाताएवढी सावली त्याच्यावर होती आणि ती कशाची आहे हे वर बघून कळत नव्हतं. त्यांनी गवताच्या टोकानं किड्याला हलकेच ढोसलं. तो पडला नाही, उडाला नाही. मेलेला किडा हलका होतो, सुटतो. हा धरून होता.

एक बुरशी असते, ती लागली की किडे काडीला घट्ट धरून मरतात. हे त्यांनी वाचलं होतं आणि ते खरंही आहे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर काड्याच काड्या होत्या. बुरशीच असणार, ते स्वतःला मोठ्यानं म्हणाले. रानात आपला आवाज ऐकून त्यांना बरं वाटलं नाही, तरी ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. कारण चेहरा अजून राहिला होता. आता त्यांना एवढंच कळत होतं, की किड्याची पाठ लहान पडते आणि याहून मोठं काहीतरी चकचकीत हवं.

६

सुट्टीच्या दिवशी मुलगी न सांगता आली. जावयाची गाडी घेऊन, एकटीच. बापाला न्यायलाच आली होती. बॅग भरा म्हणाली, ऐकून घेणार नाही म्हणाली. मग त्यांच्या हातातला कॅमेरा बघून म्हणाली, बरं, आधी जाऊन येऊ. मी पण येते.

धरासोडे तिच्याकडे बघत राहिले. तिनं उन्हासाठी गॉगल लावला होता. मोठ्या काळ्या काचा, हल्ली लावतात तसा. दाराची चौकट, अंगण, फाटक, सगळं त्यात स्वच्छ दिसत होतं. तू कशाला, चिखल असतो, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं. ते मिटलं.

बांधावरून चालताना ती बोलत होती. लहानपणी तुम्ही दोघं जायचात आणि मला शेजाऱ्यांकडे ठेवायचात. मी खिडकीतून आईची छत्री बघत बसायचे, ओढ्यापलीकडे गेली की दिसायची नाही. ती तक्रार करत नव्हती, नुसतं आठवत होती. धरासोडे हं हं करत होते. पोटच्या पोरीचं त्यांनी त्या दिवशी काही ऐकलं नाही. ते तिच्या काचांकडे बघत होते.

माणसं म्हणजे काही किडे नव्हेत, असं त्यांनी मनाशी म्हटलं. आणि शिवाय ती बुरशी होती.

रानाच्या तोंडाशी एक झाड आडवं पडलं होतं. ते म्हणाले, “बस जरा इथे. तुझा एक फोटो काढतो.”

“माझा?” मुलगी म्हणाली.

तिला आपल्या बापाच्या खोक्यांमध्ये काय काय आहे ते आता तोंडपाठ होतं. ती खोडावर बसली, गळ्याभोवतीचा रुमाल सारखा केला, केस मागे घेतले. गॉगल काढायला हात गेला तेव्हा धरासोडे जरा घाईनंच म्हणाले, राहू दे. ती हसली. शाळेच्या पहिल्या दिवशी हसली होती तशी हसली, आणि ते त्यांना नंतर कितीतरी दिवस छळत राहणार होतं.

त्यांनी गुडघे टेकले. कॅमेरा अगदी जवळ नेला, किड्याच्या जवळ नेतात तसा. चौकटीत काच आली. काचेत आकाश आलं, वाकलेले ते स्वतः आले. त्यांच्या मागे बांध, शेत. रिकामं. वारा होता, मुलीचे केस उडत होते. ती काहीतरी बोलत होती. लवकर, बाबा, मला हसून दाखवता येत नाही फार वेळ, असं काहीतरी.

मग तिचं बोलणं थांबलं. कपाळावरची एक बट वाऱ्यानं वर उचलली होती, ती तशीच वर राहिली. तिच्या चेहऱ्यावर मऊ सावली आली.

काचेत आता छत्री होती. छत्रीखाली हात होता, खांद्याच्या खाली आलेला, आणि तो थरथरत होता. आणि चेहरा होता. चौकोन नाहीत, पुसट नाही; पापण्यासुद्धा मोजता आल्या असत्या. ती त्यांच्या मानेशी वाकून उभी होती, इतक्या जवळ की वळले असते तर गालाला गाल लागला असता.

धरासोड्यांचं बोट बटणावर होतं. त्यांनी बघितलं, आणि तो चेहरा त्यांना ओळखू आला. बायकोचा म्हणून तर आलाच, पण आणखीही एका ओळखीनं आला. ओठ घट्ट मिटलेले. डोळे मोठे झालेले. त्यात राग नव्हता, माया नव्हती, दुसरं काही मावायला जागाच नव्हती. तो काचेपलीकडचा चेहरा होता. असे चेहरे बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. इस्पितळातला तो पडदा थांबल्यापासून ती तशीच उभी होती, आणि त्यांच्या मानेकडे बघत वाट पाहत होती.

चौकटीच्या खालच्या कडेला मुलीच्या गळ्यातला रुमाल दिसत होता. तो वर-खाली होत नव्हता.

आधी बटण, मग शब्द. बोटाला हा क्रम इतका पाठ होता, की त्याला विचारायची गरज नव्हती. उजेड उत्तम होता. काही हलत नव्हतं. क्षणाचं तर काम होतं, आणि पुन्हा असा क्षण येणार नव्हता. मुलीच्या ओठांवर हसू तसंच होतं, पण ओठांचा रंग बदलायला लागला होता.

धरासोड्यांनी बोट उचललं. कॅमेरा खाली गवतात ठेवला आणि मागे न वळता म्हणाले, “सोड.”

आवाज फुटलाच नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं.

“सोड गं. झालं. माझं राहिलंच होतं म्हणायचं. सोड आता.”

त्यांच्या मानेवर एक लांब, ऊबदार श्वास आला. येतच राहिला, एका श्वासात मावणार नाही इतका वेळ. मग छत्री मिटल्याचा खट्‌ आवाज झाला. मुलीच्या कपाळावरची बट खाली आली, ती पुढे वाकली आणि खोकत खोकत श्वास घ्यायला लागली. बांधावरच्या गवतातून, कुंपणाच्या तारेवरून, पानांवरून बारीक बारीक काहीतरी सुटलं. काही किडे उडाले. काही नुसतेच खाली पडले.

मग ते वळले. त्यांच्या मागे गवताचा एवढासा तुकडा चेपला गेला होता. त्यातली एकेक काडी सावकाश उठत होती.

७

मुलगी बराच वेळ धापा टाकत बसली होती. धरासोडे तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. तिच्या लहानपणीसुद्धा त्यांनी तो इतका फिरवला नव्हता. शेवटी ती म्हणाली, “किती वेळ लावलात, बाबा. मला वाटलं, विसरलात.”

“विसरलो होतो,” ते म्हणाले.

आला का फोटो, असं तिनं विचारलं. नाही आला, ते म्हणाले, हललं.

त्याच दिवशी त्यांनी बॅग भरली. कॅमेरा कपाटात ठेवला. स्वयंपाकघराच्या दारामागची छत्री खुंटीवर नव्हती, खाली जमिनीवर पडली होती. इतक्या दिवसांचं ओझं कुणीतरी हातातून टाकावं तशी. ती त्यांनी उचलून पुसली आणि परत लावली. मग टेबलाचा खण उघडून पालथा फोटो सुलटा केला आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवला. गाडीत बसल्यावर मुलीला दिसू नये असं तोंड खिडकीकडे करून ते मनसोक्त रडले. मुलीला दिसत होतं. 

आता तो फोटो मुलीच्या घरी, त्यांच्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीवर आहे. गाल, केस, हसू सगळं एका बाजूला ओढलेलं, कुणाच्या तरी हाकेला वळताना. जावई भला माणूस आहे. हल्ली असे हललेले फोटो कॉम्प्युटरवर नीट करून मिळतात, एकदम स्वच्छ, मी आणतो करून, असं तो एकदा जेवताना म्हणाला. धरासोडे नको म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढला होता, की जावयाचा हात घासासकट तसाच राहिला. मग ते पाणी प्यायले आणि हळू आवाजात म्हणाले, “हललेलाच बरा.”

रोज सकाळी जाग आली की ते आधी चष्मा शोधतात आणि पलंगावरूनच फोटोकडे बघतात. अजून हललेलाच आहे ना, एवढंच बघतात. मग उठून चहाचं आधण ठेवतात.